दुसरी पंगत

पहिला घास गिळून झाला आणि मग, घास घशाखाली उतरल्यावर, तो कडवटपणा आला. अगदी एवढासा. जिभेच्या मुळाशी कोणी नखाने रेघ ओढावी तसा. महिपतचा हात दुसऱ्या घासासाठी ताटात गेला होता तो तिथेच राहिला. ही रेघ त्याच्या ओळखीची होती. ओळखीची कसली, कैक वर्षं रोज संध्याकाळी ती उमटली की त्याचा दिवस संपायचा. ‘सुगंधाचा हात’ असं तिचं नाव होतं, आणि हे नाव त्यानेच ठेवलं होतं. कचेरीत, लग्नाघरी, भाईंदरात ज्याने ज्याने ऐकून घेतलं त्या प्रत्येकाला त्याने ते सांगितलं होतं. पण सुगंधा आशाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या, बाळंतपणाला खेडला गेलेली होती. घरात तो एकटा होता. समोरची आमटी त्याने स्वतः केली होती. आयुष्यातली पहिली आमटी, शेजारचं पाककृतींचं पुस्तक उघडं ठेवून, शेजारचा कुकर उसना आणून, आणि तीसुद्धा त्या पुस्तकाला खोटं पाडावं म्हणून. त्याने दुसरा घास घेतला. रेघ उमटली. तिसरा घेतला. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, बाहेर नळाखाली कोणाची तरी घागर भरून वाहत होती, सगळं जागच्या जागी होतं, आणि महिपतला वाटलं की आपण कोणाच्या तरी घरात चुकून शिरून जेवायला बसलो आहोत.

माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान असतो. महिपतला जिभेचा होता. भाईंदरजवळच्या मुर्ध्याच्या अंगाला जी मिठागरं आहेत त्यांच्या कचेरीत तो कारकून. गोणी फुटली की खडा उचलून जिभेवर ठेवायचा आणि हे कुठल्या आगरातलं मीठ ते सांगायचा. खरं सांगायचा की नाही हे तपासायला दुसरी जीभ नव्हती, त्यामुळे ते खरंच असायचं. ह्या जिभेची कीर्ती रत्नागिरीकडून येऊन भाईंदरात राहिलेल्या माणसांत अशी पसरली होती की लग्नकार्यात पहिली पंगत बसायच्या आधी रश्श्याच्या टोपावर त्याला बोलावणं यायचं. पळीभर रस्सा तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. त्याने मान हलवल्याखेरीज पानं वाढली जात नसत. नवरामुलगा ताटकळत उभा राहायचा, व्याही घाम पुसत राहायचे, आणि महिपत डोळे मिटून रश्श्याच्या तळाशी काय आहे ते बघत राहायचा. एका मानेवर एवढा भार पडल्यावर ती थोडी ताठ होणारच. ‘घाईचं अन्न जिभेला कळतं,’ हे त्याचं वाक्य. आणि त्याच्यापुढे ठरलेलं दुसरं, ‘आमच्याकडे चार तास स्वयंपाक चालतो.’ ते वाक्य तो असं म्हणायचा की जणू ते चार तास शेगडीपुढे तोच बसत होता.

त्या वाक्याला इथल्या पाण्याचा आधार होता. चाळीची विहीर मचूळ, नळालाही तेच पाणी, आणि मचूळ पाण्यात तुरीची डाळ हट्टाला पेटते. नवीन राहायला आलेल्या बायका पहिले आठवडाभर कण्या गिळतात, मग सोडा घालायला लागतात. सुगंधाने सोडा कधी घातला नाही, हे महिपतची जीभ छातीठोकपणे सांगत असे, आणि ते खरंही होतं. मग डाळ लोण्यासारखी होते कशी? तर धीराने. दुपारपासून शेगडी पेटलेली, वर झाकण घातलेलं पातेलं, बारीक आच, आणि समोर सुगंधा. आगरावर दुपारचं ऊन चढलं, मिठाच्या ढिगांकडे बघवेनासं झालं की महिपत डोळे मिटून घ्यायचा आणि मिटल्या डोळ्यांपुढे हेच चित्र यायचं. आता ती खोबरं खवत असेल. आता डाळ घोटत असेल. आता पदराने घाम पुसत असेल. ह्या चित्राच्या सावलीत त्याने आपल्या सगळ्या दुपारी काढल्या होत्या. दुसऱ्या कोणाला हे क्रूर वाटलं असतं. महिपतला त्यात मायाच वाटायची. आपल्यासाठी कोणीतरी घाम गाळतं आहे ह्या विचाराने माणसाला फार गार वाटतं.

पुस्तकाचं सगळं डॉमनिकमुळे झालं. डॉमनिक मूळचा उत्तनचा, कचेरीतला दुसरा कारकून, आणि चाळीत भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी; कॉनी त्याची बायको. सुगंधा खेडला गेल्यावर महिपत खाणावळीत जेवायला लागला आणि रोज दुपारी त्या जेवणाची निंदा करायला लागला. डॉमनिकने चार दिवस ऐकून घेतली आणि पाचव्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाला, “अरे, मग घरी कर ना. कॉनीकडे पुस्तक हाय. अर्ध्या तासात ताट वाढायचं.”

“पुस्तकात बघून गणित होतं डॉमनिक. जेवण होत नाही.”

“मग मी रोज गणित खातोय काय?”

“तू शिट्टी खातोस.”

डॉमनिक हसला. कॉनीच्या कुकरवरून महिपतची थट्टा जुनी होती. संध्याकाळी दोघं सायकली हातात धरून चाळीच्या बोळात वळले की कॉनीच्या घरातून शिट्टी यायचीच, आणि महिपत म्हणायचा, ‘चल, तुझी गाडी सुटली.’ घरात शिरल्यावर सुगंधालाही तेच ऐकवायचा: ‘कॉनीबाईंची गाडी सुटली गं.’ सुगंधा हसायची. रोज हसायची. इतकी वर्षं एकाच विनोदाला हसणारी बायको मिळायला नशीब लागतं, असं त्याला वाटायचं.

“न खाता शिव्या घालतोस,” डॉमनिक म्हणाला, “ह्याला आमच्यात पाप म्हंतात.”

“आण तुझं पुस्तक. अगदी त्यात लिहिलंय तस्सं करतो, घड्याळ समोर ठेवून. आणि उद्या तेच डब्यातून आणून तुला खायला घालतो. मग बोल.”

पुस्तक आलं. कव्हर फाटून गेलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात पहिल्याच पानावर कोणा बाईंनी लिहिलं होतं की आजच्या गृहिणीला वेळ नाही. ते वाचून महिपत मोठ्याने हसला आणि घरात कोणी नसल्यामुळे ते हसू जरा वेळ तसंच हवेत राहिलं. कुकर मागायला तो मागच्या दाराने कॉनीकडे गेला तेव्हा ती जरा चाचरली. “पातेल्यात करा ना भाऊ. पातेल्यात पन होतेय.”

“पुस्तकात कुकर लिहिलाय कॉनीबाय. उद्या डॉमनिक म्हणेल, पातेल्यात केलीस म्हणून बिघडली.”

“तसं न्हाय ओ,” ती म्हणाली, आणि कसं ते न सांगता आत जाऊन कुकर फडक्यात गुंडाळून घेऊन आली. “आत पाणी घाला, विसरू नका. आनी धुऊ नका, तसाच आना, मी धुते.” तो परसातून घरात शिरेपर्यंत ती दारात उभी होती. महिपतच्या मनात आलं, किती जीव असावा माणसाचा एका भांड्यावर.

आणि आता ही रेघ. त्याने उष्ट्या हाताने पुस्तक पुढे ओढलं. आमटीचं पान मऊ पडलं होतं, तेलाने जवळजवळ आरपार दिसत होतं. खाली लिहिलं होतं: फोडणीत चार मेथीदाणे काळसर होऊ द्यावेत व काढून टाकावेत, म्हणजे आमटीस मागाहून खमंग कडवटपणा येतो. मागाहून. हा शब्दसुद्धा त्यात होता. लग्नाच्या आचाऱ्यांना तो नेमकं हेच सांगत आला होता, की आमच्या सुगंधाच्या आमटीला एक चव मागाहून येते, ती कशाने येते ते तिलासुद्धा सांगता यायचं नाही, तो हात आहे, हात. पुढचं पान त्याने उलटलं: मुगाची खिचडी, त्यात शेवटी पिळलेलं लिंबू आणि चिमूटभर साखर. तेही मऊ, तेलकट पान. शनिवारची खिचडी. त्यापुढे भोपळ्याची भाजी, बुधवारची. तो पानं उलटत गेला आणि आपल्याच घराच्या जेवणाचा आठवडा त्याच्यापुढून अक्षरांतून सरकत गेला, प्रत्येकाखाली मिनिटं लिहिलेली. मध्येच पावाची खीर नावाचं एक पान निघालं, ते मात्र कोरं करकरीत, कोणी बोटही न लावलेलं. म्हणजे पुस्तकातही जे टाकाऊ होतं ते कोणीतरी पारखून टाकलं होतं. त्याला आधार वाटावा असं ह्यात काही नव्हतं, तरी तो त्या कोऱ्या पानाकडे बराच वेळ बघत राहिला.

जेवण कसं झालं होतं? चांगलं झालं होतं. हे त्याला कोणालाच सांगायचं नव्हतं, पण जीभ त्याची होती आणि तिच्यापुढे खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आमटी चांगली होती, भात मोकळा होता, रोज खावं असं ते जेवण होतं आणि तो ते रोज खात आला होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं. चार तास जाऊ देत, एक तासही झाला नव्हता. आणि त्यातही अर्धा वेळ डबे शोधण्यात गेला होता. मग उरलेला वेळ? हा प्रश्न त्याला पडला आणि मग त्याच्याने बसवेना. मिटल्या डोळ्यांपुढचं ते जुनं चित्र अजून होतं तिथेच होतं, शेगडी होती, धूर होता, झाकण घातलेलं पातेलं होतं. फक्त बाई उठून गेली होती. कुठे गेली होती? स्टेशनावरच्या बाकावर बसून येणारी-जाणारी माणसं बघत होती? उत्तनच्या किनाऱ्याला? बोरिवलीला सिनेमाला? आणखी एक विचार आला, तो त्याने पुरता आत येऊ दिला नाही, उंबऱ्यावरूनच परत पाठवला. पण त्याची ओली पावलं उमटायची ती उमटलीच. मग पातेल्यात काय उकळत होतं? तो उठला, कोपऱ्यातल्या शेगडीपाशी गेला. पातेलं तिथेच उपडं घातलेलं होतं. उलटून आत बघितलं. आतून पांढऱ्या क्षाराचा जाड थर बसला होता, मचूळ पाणी रोज रोज आटून बसतो तसा. डाळीचा, हळदीचा डाग कुठे नव्हता. त्याच्या संध्याकाळच्या आंघोळीचं पाणी. इतकी वर्षं तो घरात शिरून त्या झाकणाकडे कौतुकाने बघायचा आणि मग मोरीत जाऊन तेच कौतुक अंगावर ओतून घ्यायचा.

तिने कधी सांगितलं होतं का, की मी चार तास डाळ शिजवते? तो आठवू लागला. आठवत होतं ते एवढंच, की तो म्हणायचा, ‘दमली असशील,’ आणि ती म्हणायची, ‘हं.’ खोटं बोलल्याचं एक वाक्य त्याला सापडेना. आणि मग रविवार आठवला. रविवारी तो घरी असायचा आणि त्या दिवशी मात्र ती खरोखर सकाळपासून शेगडीपुढे बसायची, त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि रविवारची आमटी हमखास धुराळलेली, डाळ कणीदार. ‘रविवारी तुझा हात बिघडतो गं,’ तो म्हणायचा. ती म्हणायची, ‘तुम्ही घरात असलात की लक्ष लागत नाही.’ हे त्याला इतकं आवडायचं की तो तेही मिठागरावर सांगायचा.

कुकर धुऊ नका असं कॉनी म्हणाली होती, पण दुसऱ्याचं भांडं खरकटं परत करणं त्याच्या आईने त्याला शिकवलं नव्हतं. तो मोरीत बसला. राख आणि काथ्या घेऊन आतून घासला, मग उपडा घालून बूड घासायला लागला, आणि काजळीखालून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर यायला लागली, भांड्यांवर नाव घालणारा घालतो तशी. सौ. सुगंधास, भाऊ राघो, भाऊबीज. साल काथ्याने घासून घासून पुसट झालं होतं. साल त्याला वाचायची गरज नव्हती. राघो, त्याचा मेहुणा, लालबागहून पहिल्यांदा भाऊबीजेला आला होता, आणि ओवाळून झाल्यावर त्याने हे भांडं ताटात ठेवलं होतं, आणि महिपतने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “शिट्टीचं भांडं माझ्या घरात नको. दुकानात परत करून टाक.” राघो नवा कोट घालून आला होता, त्याने कोटाचं एक बटण सोडलं आणि परत लावलं. सुगंधा म्हणाली होती, “बरं.” दुसऱ्या दिवशी भांडं घरात नव्हतं. विषय संपला. विषय असा संपला होता की एवढ्या वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आलं नाही, नाव घातलेलं भांडं कुठला दुकानदार परत घेतो? त्याच्या स्वतःच्या घरात वाटीपासून हंड्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव होतं. गोणीवरचा शिक्का बघून माल कोणाचा ते सांगण्याचा पगार तो खात होता. तो तसाच राखेच्या हातांनी मोरीत बसून राहिला. आणि भिंतीपलीकडची ती शिट्टी. म्हणजे बोळात वळताना तो ज्या गाडीला हसत होता ती त्याच्याच घरची होती. आणि तो हसायचा तेव्हा सुगंधा हसायची, आणि आता त्याला आठवलं, भिंतीपलीकडेही कोणीतरी हसायचं.

उजेड होता तोवरच तो परसातून कॉनीकडे गेला. ती मागच्या दारात बोंबील निवडत बसली होती. बसायला दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती, दुसरी रिकामी.

“घ्या तुमचा कुकर,” तो म्हणाला.

कॉनीने हात पुसले, कुकर घेतला, उलटा केला, अक्षरं पाहिली, सुलटा केला. “धुऊ नका म्हनलेली मी.”

“रोज इथेच शिजायचं?”

“डाळ हितं. भाजी तुमच्या घरात, फोडनी तुमच्या घरात. तुमाला वास यायला नको काय?”

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की त्याने जमवून आणलेला आवाज बसला. तो रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. विचारायचं होतं ते त्याने वाटेत, म्हणजे त्या दहा पावलांत, चार तऱ्हांनी मांडून पाहिलं होतं. “आणि मग दिवसभर? दिवसभर ती काय करायची?”

“दिवसभर काय?” कॉनीला प्रश्नच कळला नाही. “पाणी भरायचं. कपडे. रॉकेलच्या लायनीत आमी दोघी जायचो. दुपारची जरा पडायची, तिची कंबर दुखती ना. तुमाला म्हाईत असंल.” त्याला माहीत नव्हतं. “आनी पाच वाजले की जेवाची.”

“कोण?”

“सुगंधाबाय. आमी दोघी. हितंच,” तिने महिपतचा हात होता त्या खुर्चीकडे हनुवटी केली. “डाळ उतरली की गरम गरम. मासळी असली की मासळी. सोमवारची न्हाय हं खात, देवाचं पाळती. मग तुमची यायची येळ झाली की तुमचा भात तेवढा परत लावायचा. तुमाला गरम लागतो ना.”

महिपत सगळ्या उत्तरांना तयार होऊन आला होता. स्टेशन, किनारा, सिनेमा, अगदी उंबऱ्यावरून परत पाठवलेल्या त्या विचारालासुद्धा. ह्या उत्तराला नव्हता. “पोटभर?” त्याने विचारलं, आणि हा प्रश्न आपल्या तोंडून गेला ह्याचंच त्याला नवल वाटलं.

“मग काय अर्ध्या पोटी? दोनदा भात घेती. मी पन तेवढी न्हाय जेवत.”

आतून डॉमनिक बनियनवर बाहेर आला. त्याने बायकोकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं, आणि बाकीचं त्याला कोणी सांगावं लागलं नाही. “तुला आज कळलं?” तो म्हणाला. “मी कवापासनं दुसऱ्या पंगतीला बसतोय. जेवण वाईट हाय काय?”

“वाईट नाही.”

“मग?”

महिपतने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. तो घरी आला. पुढे आठवत राहिली ती रात्रीची ताटं. तो जेवायचा, ती समोर बसून वाढायची, विचारायची, ‘मीठ बरोबर आहे?’ तो डोळे मिटून मान हलवायचा. मग ती स्वतःसाठी घ्यायची, दोन घास, कधी नुसता ताकभात. ‘एवढंसंच?’ तो विचारायचा. ‘मला भूकच कमी,’ ती म्हणायची. आमच्याकडे बाईमाणूस चिमणीएवढं खातं, हेही तो बाहेर सांगत असे. ह्या घराच्या अभिमानाच्या ज्या ज्या गोष्टी तो बाहेर वाटत आला होता त्यातली एकही आता त्याला ओळख देईना. गावी सगळे पुरुष जेवून उठल्यावर चुलीपाशी अंधारात उलथन्याने टोप खरवडल्याचा आवाज यायचा. आई जेवते आहे हे त्या आवाजावरून कळायचं. तो आवाज त्याला घरासारखा वाटायचा. सुगंधाच्या संसारात तो आवाज कधी आला नाही, आणि त्याने आपलं समजून घेतलं होतं की आपण आईपेक्षा बायकोला सुखात ठेवलं. लग्नालग्नांतून ज्याच्या जिभेसाठी पहिली पंगत खोळंबत होती, त्याच्या घरी त्याच्याआधी एक जीभ रोज जेवून, तृप्त होऊन, हात धुऊन बसलेली होती, आणि वर त्यालाच विचारत होती, मीठ बरोबर आहे? त्याला राग आणायचा होता. त्याने प्रयत्न केला. ख्रिस्तावाच्या घरात शिजलेलं आपण खाल्लं, हा राग त्याला दोन दिवसांनी सुचला, आणि इतक्या उशिरा सुचलेला राग आपला नसतो, कोणाचा तरी उसना असतो, हे कळण्याइतका तो शहाणा होता. बाटण्यासारखं काही झालं असेल तर ते जिभेचं झालं होतं. कचेरीत डॉमनिकने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. एका संध्याकाळी त्याने ती पावाची खीर करून पाहिली. ती अशी झाली की कुत्र्यानेही वास घेऊन पाय मागे घेतला. पुस्तक एकदा तरी हरलं. पण ज्या पानाला सुगंधाने हात लावला नव्हता तिथेच हरलं, त्यामुळे जिंकल्याचं सुख काही मिळालं नाही.

नातू झाल्याची आणि सुगंधा कधी येणार ह्याची खबर खेडहून आलेल्या एका माणसाने दिली. ती येणार त्या दिवशी महिपतने दुपारीच कचेरी सोडली. मिठाचे ढीग तापत होते. त्याने डोळे मिटून पाहिले तर मिटल्या डोळ्यांपुढे काहीच आलं नाही. घरी येऊन त्याने शेगडी पेटवली. पातेल्यातला क्षार घासून घासून काढला आणि त्यात डाळ घातली. कुकर नाही, पुस्तक नाही. चार तासांना काही चव असते का, हे त्याला एकदा बघायचं होतं. आणि त्याने एक ठरवलं होतं: आज पहिला घास ती घेईल. त्याच्यासमोर, भुकेली असताना, त्याच्या आधी. म्हणून तो चाखणार नव्हता. पळीवरचा थेंबही त्याने तोंडात जाऊ दिला नाही. डाळ कणी सोडेना. धुराने डोळे भरून आले. पाठ भरून आली तसा तो पाटावर बसला, मग भिंतीला टेकून बसला. आपण इथे बसलो आहोत हे ह्या क्षणी कोणाला तरी कुठेतरी गोड वाटत असेल का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने घाईघाईने आच वाढवली.

सुगंधा आली ती दिवेलागणीला. दारातच थांबली. “अहो, धूर कसला? पाणी तापवताय?”

“आमटी,” तो म्हणाला.

तिने शेगडीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. घासून पांढरंशुभ्र केलेला त्याचा काठ तिला दिसला असावा. मग ती नातवाबद्दल बोलली: नाक आशासारखं, रडतो फार, कान मात्र तुमचे. बोलता बोलता गाठोडं सोडलं, डिंकाच्या लाडवांचा डबा काढला. “कॉनीला देऊन येते एवढे,” म्हणाली आणि मागच्या दाराने गेली.

महिपतने दोन ताटं घेतली. दोन पाट समोरासमोर मांडले. भात वाढला, त्यावर आमटी वाढली, पहिल्यांदा तिच्या ताटात, मग आपल्या. भिंतीपलीकडे बोलणं चालू होतं. एकदा दोघी हसल्या, मग आवाज खाली आले आणि बराच वेळ खालीच राहिले. शिट्टी झाली. कोणाचा भात असेल हा, महिपतने विचार केला; मी तर इथे आहे. ताटातल्या आमटीवर साय धरायला लागली. त्याला भूक लागली होती, शेगडीपुढे बसलेल्या माणसाला लागते तशी, वासाने मेलेली आणि तरी पोटात खड्डा पाडणारी. अशी भूक असते हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

सुगंधा आली. पदराला हात पुसत आली. दोन ताटांकडे पाहून पाटावर बसली, पण ताटाला हात लावला नाही.

“मी जेवून आले,” ती म्हणाली. पाणी आलं, दूध उतू गेलं, असं सांगावं तशी. “कॉनी म्हणाली तुम्हांला कळलंय. मग आता उगीच कशाला चिमणीएवढं खायचं?”

ती त्याच्याकडे बघत होती. चोरी सापडलेल्या माणसासारखी नाही, आणि भांडायला उठलेल्या माणसासारखीही नाही. लांबच्या प्रवासाने तिचे डोळे ओढलेले होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात तेलाचा बारीकसा चकाका होता. जेवलेल्या माणसाचा चेहरा. हा चेहरा आपण कधी पाहिलाच नव्हता, हे त्याला कळलं, आणि तो पाहत राहिला.

“तुम्ही बसा ना. निवतंय.” तिने त्याच्या ताटातल्या आमटीत बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तिच्या भुवया वर गेल्या. “मीठ विसरलात?”

सुगंधा उठली, फळीवरची मिठाची बरणी काढली, चिमूटभर मीठ त्याच्या आमटीवर टाकलं, पुन्हा थोडं टाकलं, आणि बोटाने ढवळलं.

“बघा आता.” महिपतने घास कालवून हातात घेतला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून मान हलवली.

डोळे उघडले तेव्हा ती त्याच्या हाताकडे बघत होती. घास अजून हातातच होता.